पहिली बट

ऑकलंडच्या दवाखान्यात लोसाला हार्मोन्सची पहिली गोळी मिळणार होती. माझा भाऊ, तिचा बाप, गाडीतून उतरलाच नाही. आम्ही निउए बेटावरची माणसं मुलग्याचे केस जन्मापासून वाढवतो; तो वयात आला की नातलग जमून एकेक बट कापून जपून ठेवतात. पहिली बट बापाची. लोसालाही तेव्हा मुलगा म्हणून मधोमध बसवलं होतं. ती हमसून रडली होती. आज भावाने रिबिनीत बांधलेली ती बट गाडीच्या खिडकीतून तिच्या हातात दिली. "परत घे. आता ठेवून काय करू?" "बाबा, आत तरी या." "आत्या आहे ना. ती चौघांचं बोलते." गाडी गेली. "रडू नकोस गं," मी म्हणाले, "नर्सला वाटेल गोळीलाच घाबरलीस." तिने गाठ सोडली. हातभर बट वीतभरच उरली होती. टोक ताजं कापलेलं होतं. अर्धी त्याने ठेवून घेतली होती.