अजून आहे

दारातून: सिस्टर सेवेरिना.

"अजून आहे," ती म्हणाली आणि ठोके ऐकायच्या यंत्राची कांडी पुसायला लागली.

यागोदाने मान हलवली. तिलाही ऐकू आलं होतं. बेंबीच्या खाली, डावीकडे, लांबून घोडा दौडत यावा तसा आवाज. पाचवा महिना नुकता लागला होता आणि परवा तिचं पाणी गेलं होतं. बाळ जगणार नाही, हे सगळ्यांनी तिला आपापल्या परीने सांगितलं होतं. पण त्याचं हृदय चालू होतं. ते चालू असेपर्यंत या इस्पितळात कुणी तिला हात लावणार नव्हतं.

"ताप?"

"चढलाय जरा. पाणी पीत राहा गं."

"सिस्टर, ते थांबावं म्हणून प्रार्थना केली तर पाप लागेल?"

"मला कशाला विचारतेस? मी पगारी बाई." सेवेरिनाने उशी थोपटली. दारापाशी थबकली. "कर. पण मोठ्याने नको."

दारातून: डॉक्टर ओल्गेर्द. तरुण, कायम झोप न झालेला. हातात लिंबू घातलेला चहा, स्वतःच्या कपात; तो त्याने तिच्या हातात दिला.

"रक्ताचा रिपोर्ट चांगला नाही," तो म्हणाला.

"मग करा ना काहीतरी."

"गर्भपाताच्या बंदीला कायद्यात सूट आहे. आईच्या जिवाला धोका असला तर. पण धोका म्हणजे नेमका किती, ते कुठे लिहिलेलं नाही. उद्या सरकारी वकील मला विचारेल, बाई शुद्धीवर होती, चांगली चहा पीत होती, मग घाई कसली होती?"

यागोदाने कप खाली ठेवला. "मग नको मला चहा."

त्याला हसू येता येता राहिलं. "मी प्रमुखांना पुन्हा विचारतो."

"व्रोनांना? विचारून काय होणार?"

व्रोनांना सगळा गाव ओळखत होता. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. कोटावर इवल्या पावलांची सोनेरी पिन, गर्भपाताच्या विरोधातली. माझ्या वॉर्डात हे कधी झालं नाही आणि मी असेपर्यंत होणार नाही, असं ते लोकांना कुणी न विचारता सांगत.

दारातून: कुणी नाही.

शेजारच्या खाटेवरची बाई सकाळीच बाळाला घेऊन घरी गेली होती. जाताना चेरीच्या सरबताची अर्धी बरणी यागोदाच्या उशाशी ठेवून गेली. तोंडाकडे न बघता.

रादेकचा फोन आला. तिचा नवरा नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात होता. वादळामुळे बोट सुटत नव्हती.

"निघतोच आहे. कुणी आहे ना जवळ?"

"आहेत की सगळे."

मग शेजारणीच्या फोनवरून हान्का. "आई, बाळाला घेऊनच ये हं. मी माझी जुनी टोपी काढून ठेवलीय."

"बरं."

फोन ठेवल्यावर हुडहुडी भरली. दातांचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येत होता. तिने घंटा दाबली. पुन्हा दाबली. भिंतीपलीकडे दुसऱ्या कुणाचं तरी बाळ रडलं आणि गप्प झालं.

दारातून: वॉर्डप्रमुख व्रोना. मागे ओल्गेर्द, त्याच्या मागे सेवेरिना.

व्रोनांनी नमस्कार केला नाही. कपाळाला उलटा हात लावला. मग तिची बोटं उचलून नखं पाहिली. नखं निळसर पडली होती.

"मुलं?"

"एक मुलगी. सहा वर्षांची."

"कुणाजवळ असते?"

"आत्ता शेजारणीजवळ."

त्यांनी न बघता मागे हात केला. सेवेरिनाने कांडी दिली. त्यांनी ती पोटावर टेकवली, उजवीकडे, वरच्या अंगाला. यंत्रातून नुसती खरखर आली. कांडी थोडी सरकवली. खरखर. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"थांबलंय," ते म्हणाले.

सेवेरिनाने छातीवर क्रुसाची खूण केली. ओल्गेर्दचा हात पुढे आला. "सर, मी एकदा बघू?"

"का? माझे कान गेले असं वाटतंय?"

प्रमुखांनी ऐकल्यानंतर त्या वॉर्डात दुसरं कुणी ऐकत नसे. तशी रीतच होती. ओल्गेर्दने हात मागे घेतला.

व्रोनांनी पहिल्यांदाच यागोदाच्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, काही विचारायचंय?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलं होतं. "नाही, डॉक्टर."

"काही सांगायचंय?"

"नाही."

त्यांनी कांडी सेवेरिनाकडे परत दिली. "ऑपरेशनची तयारी करा. आत्ताच. मी करतो."

दारातून: रादेक.

जाकिटाला अजून मासळीचा वास होता. ऑपरेशननंतर यागोदाचा ताप उतरला होता. तिला बसता येत होतं. तो खाटेच्या कडेला बसला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, मग बाहीने नाक पुसलं.

"त्या व्रोनाने तुला मरू दिलं असतं."

"हळू बोल."

"का हळू? ते आपोआप थांबलं म्हणून तू वाचलीस. नाहीतर तो म्हातारा बघत बसला असता." मग हळूच म्हणाला, "आपोआपच ना?"

"हो."

"बाळाला काही कळलं नसेल?"

"नाही रे."

"एका परीने बरंच झालं. देवाने ठरवलं. आपल्यावर ठरवायची वेळ आली नाही."

यागोदा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

व्रोना 'थांबलंय' म्हणाले, त्याच क्षणी बाळाने तिच्या पोटात पाय मारला होता.