त्याच्याखालचं ते हे

बाबा बाथरूममध्ये घसरले, डोक्याला चांगलाच मार लागला. दुपारी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर एकेक वस्तू समोर धरून नाव विचारू लागले.

"पेन. घड्याळ. किल्ली," बाबांनी घडाघडा सांगितलं. डॉक्टर खूश. आई मात्र पांढरीफटक पडली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या तोंडून एकाही वस्तूचं नाव ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी हवेत हात हलवला. "अगं, ते हे दे ना! त्याच्याखालचं."

डॉक्टर दचकले. त्यांनी घाईघाईनं नर्सला हाक मारली.



आईनं उशीखालचा चष्मा बाबांच्या हातात ठेवला आणि डोळे पुसत मला म्हणाली, "ताईला फोन कर. म्हणावं, बाबा शुद्धीवर आले."