पायगुण

छातीवरची चिकट जेल पुसून तनुजा कपडे घालायला पडद्याआड गेली, तशी डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "पोरीच्या हृदयाची भिंत जाड झालीय. पळणं आजपासून बंद. घरात कुणी असं अचानक गेलंय?"

"माझा लेक," आजी लगेच म्हणाली. "तिशीसुद्धा नव्हती. उभ्या उभ्या कोसळला. ही पांढऱ्या पायाची घरात आली ना."

नवरा खाल्ल्याचं हे बोलणं तनुजाची आई वैजयंता अकरा वर्षं ऐकत आली होती. कुणाच्या बारशालाही तिला पुढे होऊ दिलं नव्हतं.

"पायाचा काय संबंध, आजी? हा आजार रक्तातून येतो. बापाचा लेकीला आलाय. भिंत पुन्हा पातळ होत नाही. गोळ्या देऊ, पण हृदय कधी दगा देईल, सांगता येत नाही."

दोष पायांचा नाही, हेच ऐकायला वैजयंता इतकी वर्षं थांबली होती. आता ऐकलं, त्याला काय चाटायचंय?

पडद्याखाली लेकीचे धावायचे बूट दिसत होते. वैजयंता आपल्या पायांकडे बघत राहिली. दोष खरंच त्यांचा असता, तर त्याच पायांनी ती लेकीपासून कायमची लांब निघून गेली असती, आणि पोर वाचली असती.