बा यिनला भेटायला आलेला बा यिन

बा यिन ताडाच्या शेंड्यावर रसाची मडकी बदलत होता. खालून शेजारच्या को प्योनं हाक मारली.

"अरे बा यिन, उतर लवकर! तुला भेटायला बा यिन आलाय!"

"सकाळी सकाळी चढली का तुला?"

"शपथ! पलीकडच्या काठावरून एकजण आपली पोरगी घेऊन आलाय. एवढीशी आहे. म्हणते, मी बा यिन, दॉ सेन म्याचा भाचा. मागच्या जन्मी नदीत मेलो. आता बोल! मेलास कधी आणि आम्हाला जेवायलाही बोलावलं नाहीस?"

को प्यो पोट धरून हसला. बा यिनचा पाय बांबूच्या शिडीवरून घसरला. त्यानं खोडाला मिठी मारली.

"घाबरलास होय रे?" को प्यो खालून म्हणाला. "तसं घाबरायलाच हवं. माणसाचा जीव म्हणजे फुलपाखरू. तुझं उडून त्या पोरीत जाऊन बसलं असेल, तर तुझं काही खरं नाही. आमच्या आत्याच्या नवऱ्याचं असंच झालं. पंधरवड्यात आटोपला."

बा यिन खाली उतरला, पण घराकडे वळला नाही. तो विहारात गेला. म्हातारे भन्ते अंगण झाडत होते.

"भन्ते, माझा जीव दुसऱ्या कुणात जाऊ शकतो?"

"जीव म्हणजे काय सुपारी आहे का, या खिशातून त्या खिशात जायला?"

"मग ती पोरगी मीच आहे म्हणते, ते?"

भन्त्यांनी केरसुणी खांबाला टेकवली. "सकाळचा गोड रस दुपारी ताडी होतो. तोच का? नाही. मग दुसऱ्या झाडाचा का? तेही नाही. माणसाचं असंच आहे. ज्याला तू मी मी म्हणतोस, तो कालचाही आज उरलेला नाही."

"तो उरला नाही, तर घाबरतंय कोण, भन्ते?"

"चल, बघू या," भन्ते म्हणाले आणि त्याच्याबरोबर निघाले. बा यिनला नाही म्हणता आलं नाही.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या मावशीनं, दॉ सेन म्यानं, पाहुण्यांना चटई घातली होती, चहा दिला होता. गालांना चंदनासारखा लेप लावलेली ती पोर मावशीला टेकून गूळ खात बसली होती. बा यिन दारातच थांबला.

"हा कोण?" पोरीनं विचारलं.

"अगं, हाच बा यिन!" को प्यो म्हणाला.

"खोटं. बा यिन मी आहे."

"मग हा कोण?"

"मला काय माहीत? त्यालाच विचारा."

सगळे खो खो हसले. भन्तेही हसले. "बरोबर विचारलंस पोरी. डोळे मिटून बसून म्हातारा झालो, मला अजून सापडलेलं नाही."

मावशी तेवढी हसली नाही. "बाळ, तू कसा गेलास?"

"तराफ्यावर होतो. तुझ्याकडे येत होतो. आई मेल्यावर मामा म्हणाला, मावशीकडे जा. मग ताप आला. मग पाणी. फार गार होतं."

"हासुद्धा पुराच्या वर्षी तराफ्यावरूनच आला!" को प्यो म्हणाला. "पोरीला कुणीतरी चांगलं पढवलंय."

पोरीचा बाप भडकला. "पढवून आम्हाला काय मिळणार? रोज रडते, जेवत नाही, म्हणून आणली. नाहीतर कोण येतंय हसू करून घ्यायला?"

"तराफ्यावर तू एकटाच होतास?" मावशीनं विचारलं.

"नाही. आणखी एकजण होता."

"कोण?"

पोर बा यिनकडे टक लावून बघू लागली. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. पळून जावं असं त्याला वाटलं, पण मागे दारात गर्दी होती.

"आठवत नाही," पोर म्हणाली. "गूळ दे ना अजून."

मावशीनं तिला गूळ दिला. मग भरकटलेला जीव परतावा म्हणून बांधतात तो पांढरा दोरा आणून तिच्या मनगटावर बांधला आणि नदीकडे तोंड करून तिनं हाक मारली, "बा यिन, घरी ये रे! घरी ये!"

"म्हातारीचा गोंधळ झाला," को प्यो कुजबुजला. "बांधायचा याला, बांधला तिला."

दुपार व्हायच्या आत बापलेक होडीत बसून गेली. जाताना पोर रडली नाही. भन्तेही विहारात परतले. लोक पांगले.

बा यिन भिंतीला टेकून बसला होता. मावशीनं त्याच्यापुढे भात वाढला. त्याच्यानं घास उचलवेना.

"मावशी, मी मरणार नाही ना?"

"वेड्या, एवढी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, इतक्यात कसा मरशील?" ती त्याच्यासमोर बसली. उरलेला दोरा तिनं मांडीवर सरळ केला. "आण इकडे हात. तुलाही बांधते."

त्यानं हात पुढे केला. मावशीनं दोरा मनगटाभोवती घेतला आणि ती थांबली.

"हा बांधताना ज्याचं त्याचं नाव घेऊन हाक मारावी लागते," ती हळूच म्हणाली. "आलास त्या दिवसापासून विचारीन विचारीन म्हणत राहिले. तुझं खरं नाव काय रे, बाळा?"