जनरल पडला त्या दिवशी

तो आंघोळीला गेला आणि तिने रेडिओतले सेल काढून पिठाच्या डब्यात खुपसले. पेपर गादीखाली गेला. टेलिफोनची वायर तिने भिंतीवरच्या खोक्यातून सैल केली. टेलिफोन खात्यात उभी हयात गेली होती, फोन मुका कसा करायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

सकाळच्या बातम्यांत जनरल पडल्याचं सांगितलं होतं. राजवाड्याभोवती रणगाडे, विमानतळ बंद, जनरलचा पत्ता नाही. आणि दुपारी नवऱ्याच्या पुस्तकाची मुद्रितं न्यायला प्रकाशक येणार होता.

नवरा पत्रकार. मुस्लिम देशांच्या इतिहासावर आणि राजकारणावर त्याची तीन जाडजूड पुस्तकं होती. एक खिलाफतीच्या अस्तावर, एक नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सरहद्दींवर, एक तेलावर. मेलेल्या सुलतानांनी त्याला कधी त्रास दिला नाही. चौथं पुस्तक जिवंत माणसांवर होतं आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. शेवटचं प्रकरण लिहून झालं रे झालं की कुठेतरी कुणीतरी उलथायचा. एकदा राजा गेला. एकदा राजाला घालवणारा गेला. मग एका ठिकाणी निवडणूक झाली आणि तिचा निकाल कुणी मानेना. दर वेळी हा प्रकरण फाडायचा आणि नव्याने लिहायला बसायचा. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन, लेकीकडे राहायला जाणं, घराचा रंग, सगळं ‘एवढं प्रकरण होऊ दे’वर अडकलं होतं.

“काढूनच टाका ना ते शेवटचं प्रकरण,” ती एकदा वैतागून म्हणाली होती. “इतिहास काय तुमच्यासाठी थांबणार आहे?”

“शेवट नसलेलं पुस्तक लोक माझ्या तोंडावर फेकतील,” तो म्हणाला, आणि मग कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

या वेळी प्रकाशकाने स्पष्ट बजावलं होतं. धंदा जावयाच्या हाती चालला होता आणि जावयाला फक्त शाळेची गाइडं छापण्यात रस होता. आज मुद्रितं मिळाली तर पुस्तक निघेल, नाहीतर विषय संपला.

राहता राहिले शेजारचे आजोबा. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा रेडिओ अख्खी इमारत ऐकायची. तिने बैठकीची खिडकी लावली, स्वयंपाकघराची लावली, त्याच्या खोलीचीही लावून घेतली.

आज त्याची आंघोळ काही संपेना. शेवटी तिने दारावर टकटक केली.

“बरं वाटतंय ना?”

“येतो,” एवढंच उत्तर आलं.

तो केस पुसतच बाहेर आला. “पेपर कुठाय?”

“आला नाही.”

“रेडिओ?”

“सेल संपलेत.”

“परवाच तर आणले.”

“मग दुकानदाराने गंडवलं असेल.”

त्याने फोन उचलला, कानाला लावला, दोनदा बटण दाबून पाहिलं आणि आदळला. “आजच बरी सगळ्यांना धाड भरली.”

“पुस्तक संपवायला पेपर कशाला लागतो?”

“तुला नाही कळायचं.” तो तिच्याकडे बघत राहिला. “तुझ्या कोपराला पीठ लागलंय.”

ती कोपर पुसायला लागली. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

आतून कागदांची सळसळ येत राहिली. ‘जनरलची पकड नजीकच्या काळात ढिली होण्याची चिन्हं नाहीत’ हे शेवटच्या प्रकरणातलं वाक्य तिने मुद्रितात स्वतः वाचलं होतं. ते छापून आलं की लोक त्याला हसणार. आणि हे कुणी केलं ते त्याला आज संध्याकाळीच कळणार. तो आपल्याला माफ करणार नाही, हे ती जाणून होती. पण कागदांच्या ढिगात त्याचं असं गाडलं जाणंही आता तिला बघवत नव्हतं. तिला त्याचा राग येत होता, जनरलचा तर त्याहून जास्त. मेल्याला एक दिवस थांबता आलं नाही.

दुपारी तिने प्रकाशकाला जिन्यातच गाठलं.

“बातम्यांचं नाव काढू नका.”

“मी तुम्हाला तेच सांगणार होतो,” प्रकाशक धापा टाकत म्हणाला.

नवऱ्याने गठ्ठा आणून दिला. एरवी कागद उघडेच असायचे, आणि ते हातातून सोडवताना झटापट व्हायची. आज गठ्ठ्याला कागद गुंडाळलेला होता आणि वर सुतळी बांधलेली होती. प्रकाशकाने तो हातात तोलला, भुवई उचलली आणि तो जिन्याकडे वळला. त्याला पळायची घाई होती.

जिन्यावर पावलं वाजत खाली गेली. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग रडू यायला लागलं म्हणून ती न्हाणीघरात शिरली, कडी लावली आणि तोंडावर पाणी मारलं.

नळ बंद केला तेव्हा तिला आवाज ऐकू आला. छताजवळच्या झरोक्यातून आजोबांचा रेडिओ खणखणीत बोलत होता, अगदी कानाशी बसून सांगावं तसा. राजवाडा लष्कराच्या ताब्यात. नागरिकांना घराबाहेर न पडण्याचे आदेश. जनरलचा शोध सुरू.

ती बाहेर आली. बैठकीत तो रेडिओ मांडीवर उपडा घेऊन बसला होता. मागचं झाकण त्याने उघडून ठेवलं होतं.

“शेवटचं प्रकरण काढलंय मी त्यातून,” तो म्हणाला. “आता ते पिठातले सेल आण. पळाला की सापडला, तेवढं तरी कळू दे.”