इथे बसतो जरा

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी माझी थोरली नात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आखलं होतं आणि सर काही ते पास करेनात. ते नकाशावर दोन बोटं चालवत दारातून आत शिरायचे आणि विचारायचे, "ओली छत्री कुठे ठेवू? दम लागला तर कुठे टेकू?" उत्तर आलं नाही, की म्हणायचे, "बाई, परत काढ!"

त्या सोमवारी ती तणतणतच घरी आली. ताट वाढलेलं, पण हिच्या आपल्या येरझाऱ्या.

"आजोबा, आज सरांची बोटं खिडकीपाशी थांबली ती थांबलीच. म्हटलं, सर, काय चुकलं? तर म्हणाले, 'थांब गं, इथे बसतो जरा.' आणि चक्क डोळे मिटले! पास की नापास, काहीतरी बोलायचं ना माणसाने?"

"अगं, उद्या विचार की."

"विचारणारच! उद्या सोडतच नाही त्यांना."



सर मंगळवार उजाडायच्या आत वारले.