गुलाबी नर

"ही मेली काय गं?" काचेच्या नळीला डोळा लावून महावीर आप्पांनी विचारलं.

"न्हाय हो आप्पा, झोपवलीया. दोन मिनिटांत उठंल," तेजस्वी म्हणाली.

जैनाच्या घरातली लेक फळमाश्यांवर पीएच.डी. करते म्हटल्यावर बोरगावहून बेळगावच्या प्रयोगशाळेत आले की आप्पांची पहिली चौकशी हीच. मात्र माश्यांच्या खुराकासाठी गुळाची ढेप आणायला ते कधी विसरत नसत.

शेजारच्या टेबलावर तेजस्वीची मैत्रीण रचना बारीक कुंचल्याने दोन नरांना भुकटी लावत होती. एकाला गुलाबी, दुसऱ्याला हिरवी.

"हे कशापायी?"

तेजस्वीने हौसेने सगळं सांगितलं. गुलाबी नर मुद्दाम कमजोर वाणाचा निवडलेला, त्यात अळी असताना अर्धपोटी वाढवलेला. एरवी माशी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. पण दुसरी एखादी माशी त्याच्याशी जुळलेली पाहिली, की हिलाही तोच हवा. धट्टाकट्टा हिरवा बिचारा बाजूला नुसता पंख फडफडवत बसतो.

"म्हंजे सांगून न्हाय, बघून पटतंय." आप्पांनी मान डोलावली. "आन गुलाबी न्हाय चालला तर?"

"मग हिरवा घ्यायचा आन परत पहिल्यापासनं."

"लई बिनडोक की ही!"

"म्हणून तर माशी हाय," तेजस्वी हसली.

मग आप्पांनी मूळ विषय काढला. निपाणीचा वृषभ, गुळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तेजस्वीने फोटो पाहूनच नाक मुरडलं होतं.

"लई बारका हाय तो. आन आप्पा, नवरा मी निवडीन तो माझ्या डोक्यानं. कुणाच्या सांगण्यावरनं न्हाय."

"बरं बाई. म्या काय सांगत न्हाय."

आप्पा इतक्या लवकर गप्प बसलेले पाहून तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात आप्पांचे गुडघे धरले. गूळ घेऊन वृषभ येऊ लागला, स्वतःच्या टेम्पोतून, भडक गुलाबी शर्टात. तेजस्वी ढेप उतरवून घ्यायची आणि पुन्हा नोंदवहीत डोकं घालायची.

तिसऱ्या खेपेला रचना त्याच्याबरोबर चहाला गेली. परतली ती हसतच.

"लई ग्वाड पोरगा हाय गं! तुला न्हाय न्हवं पसंत? मग झालं तर."

चौथ्या खेपेला तेजस्वीने खिडकीतून पाहिलं. रचना टेम्पोत पुढे बसली होती आणि वृषभ काहीतरी सांगत होता. गुलाबी रंग त्याला किती खुलतो, हे आजवर आपल्या लक्षात कसं आलं नाही? त्या दिवशी तिने एकाच बाटलीतल्या माश्या तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. तिला रचनाचा मनापासून राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला.

"आप्पा, त्या निपाणीच्यांना परत विचारता का?"

"आता? त्यांचं दुसरीकडं बोलणं चाललंय म्हणत्यात. आन तुला बारका वाटत हुता न्हवं?"

"बारका न्हाय, सडपातळ हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय! माझं मी ठरवलंय."

"मग बघतो विचारून," आप्पा नाइलाजाच्या सुरात म्हणाले.

साखरपुडा बोरगावात झाला. रचनाला बोलवावं की नको, यावर तेजस्वीने चार दिवस डोकं शिणवलं आणि शेवटी मन मोठं करून बोलावलं. रचना आली, पोटभर जेवली, फोटोतही हसली. पोरगी दुःख कसं गिळते, याचं तेजस्वीला फार कौतुक वाटलं. निघण्याआधी तिला एकदा मिठी मारून माफी मागावी, म्हणून ती मागच्या सोप्यात शोधत गेली.

आप्पा तिथे मस्त उकिडवे बसून गुळाची ढेप कागदात बांधत होते. समोर रचना पिशवी धरून उभी होती.

"ही ढेप तुझ्या आईला दे," आप्पा तिला सांगत होते. "आन जाताना निपाणीत त्या दुकानात हिरवा शर्ट तेवढा परत करून टाक. लागलाच न्हाय."